माहितीपट पाहायचा कुठे?

प्रतिनिधी, मुंबई

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात मुंबईच्या कोळी मच्छीमारांवरील ‘अगेन्स्ट द टाइड’ या माहितीपटाने विशेष ज्युरी पुरस्कार मिळविला. सर्वनिक कौर यांच्या या चित्रपटातील माणसे बव्हंशी मराठीत बोलतात. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच महोत्सवात रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी कथाचित्रपटाने जागतिक विभागातील सर्वोच्च ज्युरी पुरस्कारावर नाव कोरले. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले होते. मुंबईतल्या परिचारिकांची ती कथा मल्याळम आणि हिंदीबरोबर मराठीतही बोलते. या तिन्ही बातम्या शहरातील वाचकांनी कौतुकाने वाचल्या, अभिमानाने एकमेकांना सांगितल्या. यांपैकी दोन कथाचित्रपट पुढे चित्रपटगृहांत लागले. कोळ्यांचा माहितीपट मात्र महोत्सव आणि मोजक्या खास खेळांपलीकडे फारसा गेला नाही. वर्सोवा, माहीम किंवा मढ येथील रहिवाशाला आपल्याच किनाऱ्यावरचा चित्रपट शेजारच्या मल्टिप्लेक्समध्ये आठवडाभर पाहता येईल, अशी सोय झाली नाही.

यावर वितरणाच्या धंद्यातील मंडळींचे उत्तर ठरलेले असते. अशा चित्रपटांना प्रेक्षकच नाही, तर पडदा कोण देणार? हे उत्तर इतक्या वर्षांपासून आणि इतक्या वेळा दिले गेले आहे, की खुद्द प्रेक्षकालाही ते खरे वाटू लागले आहे. ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द उच्चारताच घरातल्या चारपैकी तिघे उठून जातात, हा अनुभव खोटा नाही. परंतु हा कंटाळा प्रेक्षकाच्या अंगभूत आवडीतून आला, की त्याला तो लावण्यात आला, याचा विचार सहसा होत नाही. तो करायचा तर थोडे मागे जावे लागते.

सक्तीचा वारसा

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि पुढची चार-पाच दशके देशातील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य वार्तापट किंवा अनुबोधपट दाखविणे परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक होते. एवढेच नव्हे, तर त्या रिळांचे भाडेही चित्रपटगृहाच्या मालकालाच भरावे लागे. मालकांच्या संघटनांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मात्र १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरविली. धरणाचे उद्घाटन, पुराची पाहणी, परदेशी पाहुण्यांचे स्वागत आणि कुटुंबनियोजनाचा उपदेश यांचे ते मिश्रण प्रेक्षकाला पाठ झाले होते. जाणकार प्रेक्षक वेळेचे गणित बांधून दहा मिनिटे उशिरानेच आत शिरत असे. माहितीपट म्हणजे वरून कुणीतरी घनगंभीर आवाजात सांगितलेली, न विचारलेली माहिती, ही व्याख्या त्या अंधारात पक्की झाली.

खरे तर त्याच पेडर रोडवरच्या इमारतीत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही वेगळेच घडत होते. एस. सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’, एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’, प्रमोद पती यांचा ‘एक्स्प्लोरर’ या सरकारी पैशांतून निघालेल्या कृती आजही धाडसी वाटतात. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला १९६७ मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटासाठीचे गोल्डन बेअर मिळाले. त्यात निवेदन नाही, कथा नाही. राजस्थानातली दृश्ये आणि संगीत, बस्स. मुख्य चित्रपटाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकापुढे असे काही अचानक आले, तर तो काय करणार? शिट्ट्या मारणार. त्याला तयार करण्याचे काम कुणी केलेच नव्हते. ते काम फिल्म सोसायट्यांनी आपापल्या परीने केले. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आधाराने वाढलेल्या मंडळींनी मराठी माणसाला जगाचा सिनेमा दाखविला. पण त्यांचा वर्तुळाकार परीघ शे-दोनशे सभासदांचा होता.

मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय यांचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. एकाच छत्राखाली कारभार सुटसुटीत होईल, हा सरकारचा युक्तिवाद होता. अनेक चित्रपटकर्मींनी त्याला विरोध केला. त्यांची मुख्य चिंता होती ती हजारो चित्रपटांच्या त्या संग्रहाची. तो संग्रह सामान्य माणसाला सहज खुला राहणार का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आहे.

प्रमाणपत्राचा फास

प्रेक्षक नाही, या विधानाला पहिला ठोस छेद मिळाला तो फेब्रुवारी २००४ मध्ये, मुंबईतच. मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घालण्यात आला. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. निषेधानंतर अट मागे घेतली गेली. पण निवड जाहीर झाली तेव्हा अडचणीचे विषय हाताळणारे अनेक चित्रपट यादीबाहेर होते. त्यांच्या दिग्दर्शकांनी महोत्सवाच्या जवळच, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरविला. गुजरात दंगलींवरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्युशन’ त्यांपैकी एक. सेन्सॉर मंडळाने त्याला त्याच वर्षी प्रथम परवानगी नाकारली आणि काही महिन्यांतच ती द्यावी लागली. सरकारी महोत्सवातल्या वातानुकूलित सभागृहापेक्षा भूपेश गुप्ता भवनातली गर्दी अधिक चर्चेची ठरली. पुढे ‘विकल्प’चे खेळ जुहूच्या ‘पृथ्वी’त होऊ लागले आणि २०१२ च्या सुमारास खुद्द फिल्म्स डिव्हिजनने ‘एफडी झोन’ या नावाने विनामूल्य खेळ सुरू केले. दोन्ही ठिकाणी तरुण प्रेक्षक आला, चित्रपटानंतर थांबला आणि दिग्दर्शकाशी भांडलाही.

आनंद पटवर्धन यांचा प्रवास या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावा लागतो, कारण त्यांच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटाला प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. अणुचाचण्यांनंतरच्या वातावरणावरील ‘जंग और अमन’ एकही काट न करता दाखविण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिली. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा १९९५ चा माहितीपट दूरदर्शनवर दाखवावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २००६ मध्ये. म्हणजे चित्रपट पुरा झाल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या हत्यांपासून सुरू होणाऱ्या ‘विवेक’ला २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रतिष्ठेच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला, परंतु २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात तो दाखविण्यासाठीही उच्च न्यायालयाचा आदेश आणावा लागला.

पटवर्धन यांच्याबद्दल मतभेद असू शकतात. त्यांचे चित्रपट एकांगी आहेत, विरोधकाची मुलाखत ते त्याला उघडे पाडण्यासाठीच घेतात, असा आक्षेप घेणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत आणि ‘विवेक’च्या काही भागांपुरता तो आक्षेप अगदीच गैरलागू नाही. जमवलेले इतके, की कात्री लावायला हात धजू नये, असे त्या प्रदीर्घ चित्रपटात वारंवार जाणवते. मात्र हा आक्षेप घेण्यासाठी चित्रपट आधी पाहायला मिळावा लागतो. रमाबाई नगरमधील १९९७ च्या गोळीबारापासून पुढची चौदा वर्षे टिपणारा ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा आहे. तो वस्त्यावस्त्यांमध्ये पडदे बांधून दाखविण्यात आला. विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून कबीर कला मंचाच्या गाण्यांपर्यंतचा तो पट लोकांनी मांडी घालून, मुलांना मांडीवर घेऊन पाहिला. तीन तासांचा माहितीपट कोण बघणार, असे म्हणणाऱ्यांनी त्या खेळांची आठवण ठेवायला हवी.

दरम्यान, दाद मागण्याची एक जागा कमी झाली आहे. १९८३ पासून असलेले चित्रपट प्रमाणपत्र अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. मंडळाचा निर्णय अमान्य असेल, तर आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला हे परवडते. उसनवारीने कॅमेरा चालवणाऱ्याला वकिलाची फी परवडत नाही, मग तो प्रमाणपत्राच्या वाटेला जाणेच टाळतो. प्रमाणपत्र नाही म्हणून चित्रपटगृह नाही आणि चित्रपटगृह नाही म्हणून प्रेक्षक नाही. आम आदमी पक्षाच्या उदयावरील ‘अ‍ॅन इन्सिग्निफिकंट मॅन’ला याच न्यायाधिकरणाने दिलासा दिला होता. २०१७ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला आणि बरा चालला, हे इथे नमूद केले पाहिजे.

मालिकांचा सुकाळ

मग घरातल्या पडद्यावर माहितीपटांचा जो सुकाळ दिसतो आहे, त्याचे काय? हा प्रश्न योग्य आहे. स्ट्रीमिंगवरील आशयाला फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. वयोगटाची वर्गवारी कंपन्या स्वतः करतात. त्यातून माहितीपट-मालिका हा प्रकार भारतात रुजला. दिल्लीतील एकाच कुटुंबातील अकरा जणांच्या मृत्यूवरील लीना यादव यांची ‘हाउस ऑफ सीक्रेट्स : द बुराडी डेथ्स’ २०२१ मध्ये आली. २०२३ मध्ये ‘द हंट फॉर वीरप्पन’ आली. जे घर डॉक्युमेंटरीच्या नावाने नाक मुरडत होते, त्याच घराने हे भाग एका बैठकीत संपविले. तेव्हा वास्तवाचा मराठी प्रेक्षकाला कंटाळा आहे, हे विधान तर उघडच खोटे ठरले.

पण या मालिकांची यादी नीट पाहिली, तर दोनच विषय ठळकपणे दिसतात. एक खून आणि दुसरा चित्रपटसृष्टी. यश चोप्रांच्या घराण्यावर ‘द रोमँटिक्स’, सलीम-जावेद यांच्यावर ‘अँग्री यंग मेन’, रोशन कुटुंबावर ‘द रोशन्स’. यांतल्या काही रंजक आहेत, जुनी चित्रफीत पाहण्याचा आनंदही त्या देतात. मात्र ज्यांच्यावर मालिका आहे त्यांच्याच घरातून किंवा कंपनीतून ती निघत असेल, तर तिला माहितीपट म्हणावे की गौरवग्रंथ, हे प्रेक्षकाने ठरवायचे आहे. कठीण प्रश्न विचारणारा माणूसच चौकटीत नसतो. अपवाद २०२३ च्या ‘सिनेमा मरते दम तक’चा. नव्वदीतल्या स्वस्त, बदनाम हिंदी चित्रपटांच्या दिग्दर्शकांना कुठलीही टिंगल न करता पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे करणारी ही मालिका त्या सगळ्या चकचकीत चरित्रांपेक्षा चित्रपटसृष्टीबद्दल अधिक सांगून जाते.

खुनाच्या मालिकांपैकी मराठी प्रेक्षकाला जवळची, आणि म्हणून अधिक तपासून पाहण्याजोगी, ती ‘इंडियन प्रीडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या तीन भागांचे दिग्दर्शन ‘वळू’, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’कार उमेश कुलकर्णी यांचे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारले. त्याच्या दहशतीखाली वर्षानुवर्षे राहिलेल्या कस्तुरबा नगरातील महिला त्या जमावात अग्रभागी होत्या. पुढे २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

कुलकर्णी यांनी या कथेत वस्तीला बोलू दिले आहे. पोलिसांकडे तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कशी वागणूक मिळाली, वस्तीची जात आणि तिची गरिबी तक्रारीच्या कागदावर कशी उमटली, हे त्या महिलांच्याच तोंडून ऐकताना प्रेक्षक अस्वस्थ होतो. न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाल्यावर लोक काय करतात आणि त्याला न्याय म्हणायचे का, हा प्रश्न मालिका सोडवत नाही. ते तिचे बळ आहे. परंतु मालिका ज्या साच्यात बसवली आहे तो साचा सतत आड येतो. ‘प्रीडेटर’ हे शीर्षकच मारल्या गेलेल्या गुंडाला नायकस्थानी बसवते. सावल्यांतून चालणाऱ्या आकृती, पुनर्रचित प्रसंग, ड्रोनमधून दिसणारी वस्ती, भाग संपताना वाढत जाणारे संगीत, हे सारे त्याच मालेतल्या दिल्लीच्या खुन्यासाठी वापरले गेले आणि नागपूरच्या बायकांसाठीही. ‘विहीर’मध्ये एका मुलाचे मौन मिनिटेच्या मिनिटे पडद्यावर धरून ठेवणाऱ्या दिग्दर्शकाला येथे एखाद्या बाईच्या उत्तरानंतर चार क्षण थांबण्याचीही उसंत मिळालेली दिसत नाही. दोष कुणाचा, हे बाहेरून ठरविणे कठीण; पण साचा दिग्दर्शकापेक्षा मोठा झाला आहे, एवढे प्रेक्षकाला दिसते.

स्ट्रीमिंगला सेन्सॉर नाही, हेही अर्धसत्यच. शीना बोरा हत्या प्रकरणावरील मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर असताना, खटला सुरू असल्याच्या कारणावरून सीबीआयने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती आधी पाहिली, खटल्याला बाधा येईल असे त्यात काही नसल्याचे मत दिले आणि मगच ती प्रेक्षकांसमोर आली. त्याआधी २०२० मध्ये ‘बॅड बॉय बिलियनेअर्स’ या मालिकेचे घोडे न्यायालयांतच अडले होते आणि तिचा एक भाग मूळ प्रदर्शनाच्या वेळी गाळावा लागला. हे झाले उघड अडथळे. कंपन्यांनी विकतच न घेतलेल्या चित्रपटांची नोंद कुठल्याच न्यायालयात नसते. दलित महिलांच्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रावरील ‘रायटिंग विथ फायर’ला २०२२ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा भारतातल्या सर्वसाधारण प्रेक्षकाला तो पाहण्याची सोय नव्हती. दूरचित्रवाणी पत्रकार रवीश कुमार यांच्यावरील विनय शुक्ला यांचा ‘व्हाइल वी वॉच्ड’ ब्रिटनमधील चित्रपटगृहांत लागला, भारतात नाही. ऑस्कर मिळालेला ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ मात्र सगळ्यांनी पाहिला. कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा लघुमाहितीपट देखणा आणि मायाळू आहे. त्याने कुणालाही अडचणीत आणले नाही, हेही खरे.

मत कशाच्या आधारावर?

अशा परिस्थितीत प्रेक्षकाच्या वैयक्तिक मताला काय किंमत? वेगळ्या वाटेच्या चित्रपटाबद्दल बोलताना आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकतर परदेशी पुरस्काराच्या दडपणाखाली न समजलेल्या गोष्टीचीही वाहवा, नाहीतर ‘काही घडतच नाही’ असा एका वाक्यात निकाल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस येथे पुरस्कार आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोच्च मान मिळाला. एप्रिल २०१५ मध्ये तो लागला तेव्हा मध्यंतरातच बाहेर पडणारे प्रेक्षक होते आणि सुटीच्या दिवशी पुन्हा येणारेही. शाहिरावरच्या खटल्यात न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील यांच्या घरांत डोकावणारा तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना अधिक कळतो. पण दुसऱ्यांदा पाहायचा, तर दुसरा आठवडा लागायला हवा. दुपारी पावणेबाराचा एकच खेळ देऊन ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारण्याची रीत मल्टिप्लेक्सना सोयीची आहे. नोकरी करणाऱ्या प्रेक्षकाला नाही.

‘अगेन्स्ट द टाइड’बाबतही मत बनवायला वेळ लागतो. दोन कोळी मित्र. एक वाडवडिलांच्या पद्धतीने किनाऱ्यालगत जाळे टाकणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा मोह पडलेला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, कारण प्रखर उजेडाला भुलून लहानमोठी सगळीच मासळी जाळ्यात येते. दारू पिताना होणारी त्यांची भांडणे, आजारी तान्हे बाळ, घरातले हिशेब इतक्या जवळून टिपले आहेत, की हे खरोखर घडले की घडवले, अशी शंका पाहणाऱ्याला येते. कॅमेरा इतका जवळ असताना माणूस तसाच वागतो का? शंका योग्यच आहे आणि माहितीपट पाहणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे. पण तिचे उत्तर समीक्षकाच्या तारांकनातून मिळत नाही. ज्यांनी समुद्र पाहिला आहे, ज्यांच्या घरी जाळी आहेत, त्यांनी हा चित्रपट पाहून ‘हे असेच आहे’ किंवा ‘हे असे नाही’ म्हणायला हवे. ती चर्चा सनडान्समध्ये होऊ शकत नाही.

पडदा मिळाला तर काय होते, याचे एक उदाहरण मालेगावचे. यंत्रमागांच्या त्या गावात सुपरमॅनचा देशी अवतार चित्रित करणाऱ्या हौशी मंडळींवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ केला. चार वर्षे तो महोत्सवांतून फिरला. जून २०१२ मध्ये एका मल्टिप्लेक्स कंपनीने आपल्या खास योजनेत तो मोजक्या शहरांत लावला. प्रेक्षक हसले, रडले, त्यांनी मित्रांना सांगितले. २०२५ मध्ये त्याच मंडळींवर रीमा कागती यांचा कथाचित्रपट मोठ्या तामझामाने आला, त्यामागे या माहितीपटाने जागवलेल्या कुतूहलाचा वाटा नाकारता येणार नाही. मल्टिप्लेक्सची ती योजना मात्र पुढे क्षीण होत गेली.

महोत्सवांवर भिस्त ठेवावी, तर तीही डळमळीत. मुंबईच्या ‘मामि’ महोत्सवाची २०२५ ची आवृत्ती झालीच नाही. सरकारी माहितीपट महोत्सव दोन वर्षांतून एकदा भरतो. जून २०२४ मध्ये अठरावा झाला. उरतात त्या पुण्या-मुंबईतील, कोल्हापूर-औरंगाबादकडील फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांची सभागृहे आणि एखाद्या वाचनालयाचा वरचा मजला. तिथे प्रोजेक्टर भाड्याने आणावा लागतो, दिग्दर्शकाला गाडीभाडे द्यावे लागते आणि विषय जरा तापलेला असला, की संयोजकाला पोलीस ठाण्यातून दूरध्वनी येतो. खेळ बहुधा साडेसहाला ठेवलेला असतो, कारण सभागृह नऊला रिकामे करून द्यावे लागते.